व्याह्याचं घोडं आणि शेंगपेंड

आमच्या शाळेच्या बॅचचा एक ग्रुप आहे. एरवी त्याच्यावर वाढदिवस, पांढऱ्या रश्श्याचे फोटो आणि कुणाच्या तरी पोराचे मार्क एवढंच चालतं. मागच्या आठवड्यात एकानं सुदानच्या निर्वासितांसाठी पैसे गोळा करणाऱ्या एका संस्थेची लिंक टाकली, खाली दीड ओळ, मी दोन हजार दिलेत, जमलं तर बघा. बास, एवढंच. पुढचे तीन दिवस ग्रुपचा नुसता आखाडा झाला. पुरात पडलेली आपल्याकडची घरं अजून धड उभी नाहीत आणि ह्याला सुदान सुचतंय. २०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यात शेतं मातीसकट वाहून गेली, त्या शेतकऱ्यानं काय घोडं मारलंय. शेवटी एकानं ठेवणीतली म्हण काढली, घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं, आणि तिला सतरा अंगठे आले. समोरून काय आलं? माणुसकीला सीमा नसतात, वसुधैव कुटुंबकम्, पृथ्वीचा एक फोटो आणि जोडलेले हात. म्हणजे एकीकडे म्हण, दुसरीकडे सुविचार, आणि सुदानबद्दल तीन दिवसांत एकानंही एक अक्षर लिहिलं नाही, तिथं नक्की काय चाललंय हे विचारलंसुद्धा नाही.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो म्हणजे शेवटपर्यंत वाचायची सक्ती नको. आपले आधी की परके आधी हा वाद मुळात चुकीच्या जागी पेटलाय. निर्वासितांसाठी काम करणाऱ्या संस्थांशी भांडावं असं पुष्कळ आहे, मी स्वतः भांडेन, पण ते भांडण मदत कशी करता यावर असायला पाहिजे. कुणाच्या पिशवीत काय भरायचं हे कोण ठरवतं, ज्याला द्यायचं त्याला विचारलं होतं का, त्याला स्वतःची चूल मांडू देता का रांगेत उभं करता, हे प्रश्न महत्त्वाचे. आणि गंमत अशी की हे प्रश्न आमच्या कोल्हापूरकडच्या शिरोळच्या पूरग्रस्ताला जेवढे लागू पडतात तेवढेच सुदानच्या माणसाला.

आता समोरच्याचं जे खरं आहे ते मान्य करूया. जवळच्याचं आपण जास्त देणं लागतो हे बरोबरच आहे. शेजारचं घर जळत असताना तीन गावं पलीकडची आग विझवायला बादली घेऊन धावणाऱ्या माणसाला आपण शहाणा म्हणत नाही. शिवाय जवळची गरज आपल्याला दिसते, कळते, पैसे कुठं गेले ते जाऊन बघता येतं. दूरचं सगळं फोटोवर आणि भरवशावर. आणि काही लोकांचं दूरवरचं प्रेम हे खरोखरच जवळच्याला टाळायची सोय असते, घरी कामाला येणाऱ्या बाईचा पगार चार वर्षं वाढवलेला नाही पण जगाच्या दुःखानं झोप लागत नाही, असे नमुने मीही पाहिलेत. हे सगळं कबूल. पण यातून निघतं एवढंच की जवळच्याला आधी द्या. दूरच्याला देऊच नका हे कसं निघतं? आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ग्रुपवर ज्यानं लिंक टाकली तोच माणूस २०१९ च्या पुरात स्वतःचा टेम्पो घेऊन आठ दिवस फिरत होता. म्हण टाकणारा त्या आठ दिवसांत काय करत होता ते मी लिहीत नाही, जुना मित्र आहे. सगळेच तसे असतात असंही नाही, आपल्याकडच्यांसाठी मनापासून झिजणारे आणि बाहेरच्याचं नाव काढलं की चिडणारेही आहेत. पण दानाचा हौद ठरलेला असतो आणि सुदानकडे तोटी सोडली की शिरोळला पाणी कमी येतं, हा हिशोब मला तरी कधी जुळलेला दिसला नाही. देणाऱ्या हाताला सवय लागते, न देणाऱ्याला कारणांची.

बरं, इतिहासात जाऊया, कारण इतिहासाचे दाखले आपल्याला फार आवडतात. १९३८ साली जपानी सैन्य चीन तुडवत होतं तेव्हा काँग्रेसनं लोकांकडून पैसे गोळा करून पाच डॉक्टर चीनला पाठवले. त्यातला एक सोलापूरचा, द्वारकानाथ कोटणीस. बरोबर नागपूरचे डॉक्टर चोळकर. देश गुलाम, खिशात दमडी नाही, मैलोनमैल दवाखाना नाही, आणि आपण डॉक्टर पाठवतोय चीनला. सोलापुरात १९३८ साली आजारी माणसं नव्हती काय? होती की, ढीगभर होती. आजच्या हिशोबानं तर हा शुद्ध वेडेपणा. कोटणीस परत आलेच नाहीत, १९४२ च्या डिसेंबरात तिथंच गेले, वय बत्तीस. आज त्या माणसाच्या नावानं आपल्याला अभिमान वाटतो, सोलापूरकराला तर वाटतोच वाटतो, आणि तो वाटणारे बरेचसे लोक तेच, जे सुदानची लिंक बघितल्यावर व्याह्याचं घोडं बाहेर काढतात. तेव्हाच्या बातम्या तेव्हाच वाचल्या असत्या तर आपण कुठल्या बाजूला असतो हा प्रश्न जरा स्वतःला विचारून बघा, मी विचारला, उत्तर फारसं सुखाचं आलं नाही.

आम्हा कोल्हापूरकरांना तर या विषयावर बोलताना जास्तच जोर येतो, कारण आमच्याकडे वळिवडे हे गाव आहे. स्टालिनच्या राजवटीनं सायबेरिया आणि आसपास हाकललेले पोलिश लोक, बहुतेक बाया आणि मुलं, इराणमार्गे फिरत फिरत १९४३ पासून वळिवड्याला आले, साधारण पाच हजार, आणि १९४८ पर्यंत राहिले. २०१९ ला तिथं राहून गेलेली म्हातारी पोलिश मंडळी परत येऊन गेली, तेव्हा पेपरात फोटोच फोटो, आम्ही सगळ्यांनी ते स्टेटसला ठेवले. आता यातलं खरं किती आणि मिरवणं किती हे पण बघूया. त्या कॅम्पचा खर्च मुख्यतः लंडनमधून चालणाऱ्या पोलिश सरकारच्या नावावर होता, कोल्हापूरच्या रयतेच्या खिशातून नव्हे. आणले ब्रिटिशांनी. आणि त्याच १९४३ साली बंगालमधे माणसं रस्त्यावर मरत होती, अंदाज तीस लाखांपर्यंत जातात, ज्या साम्राज्यानं पोलिश पोरांसाठी बरॅकी उभ्या केल्या त्यालाच कलकत्त्याच्या फुटपाथवरची पोरं दिसत नव्हती. समोरच्यानं हा मुद्दा काढला तर तो बिनतोड आहे, मी तरी त्याला पोलंडमधल्या कोल्हापूरच्या स्मारकाचा फोटो दाखवून गप्प बसवणार नाही. पण थांबा. बंगालचा भात वळिवड्याच्या पाच हजार लोकांनी खाल्ला होता काय? बंगाल मेला तो युद्धकाळातल्या धोरणांनी, जपान्यांच्या हाती लागू नयेत म्हणून नावा मोडल्या, गावांतला तांदूळ उचलला, भाव गगनाला गेले आणि मजुराला ते परवडेनात. पोलिश पोरांना हाकलून दिलं असतं म्हणून एकही बंगाली वाचला नसता. जे सरकार आपल्याच भुकेल्याकडे पाठ फिरवतं ते परक्याकडे बघितल्यामुळं फिरवतं असं नसतं, त्याची कारणं वेगळीच असतात, आणि आपण मात्र दोन भुकेल्यांना एकमेकांसमोर उभं करून पंच म्हणून मधे बसतो.

मग कोल्हापूरनं दिलं काय? शेजार दिला, आणि तो कमी नव्हता. वळिवड्याची गोष्ट मला आवडते ती यासाठी की तिथं माणसांना कोंबड्यांसारखं डांबलं नव्हतं. कुटुंबाला स्वतंत्र खोल्या, पुढं व्हरांडा, स्वयंपाक ज्याचा त्यानं करायचा, हातात भत्ता आणि दारात बाजार. त्यांच्या शाळा त्यांच्या भाषेत, चर्च, दवाखाना, नाटकं, स्काऊट. भाजीवाल्या मावशी पोलिश बाईशी घासाघीस करत होत्या म्हणजे विचार करा. घासाघीस करता येणं ही किती मोठी गोष्ट आहे हे ज्यानं कधी फुकट वाटपाच्या रांगेत नंबर लावलाय त्यालाच कळेल.

१९७१ ला तर प्रश्न पाच हजारांचा नव्हताच, पूर्व पाकिस्तानातून साधारण एक कोटी माणसं आली. सरकारनं १५ नोव्हेंबर १९७१ पासून पत्रावर पाच पैशांचं जादा तिकीट सक्तीचं केलं, त्यावर छापलेलं असायचं निर्वासित मदतीचं, आणि ते १९७३ च्या मार्चपर्यंत चाललं. म्हणजे बघा, १९७२ चा दुष्काळ, खडी फोडणाऱ्या बाया, लाल मिलो ज्वारी, ज्याच्या आठवणी आपल्या घरातली म्हातारी माणसं अजून सांगतात, त्याच दुष्काळात महाराष्ट्रातला माणूस मुंबईच्या मिलमधल्या भावाला पाऊस नाही, पैसे धाड असं लिहीत होता तेव्हा त्या पत्रावर पाच पैसे निर्वासितांचे चिकटवत होता. कुणी म्हणेल तो कर होता, दान नव्हे, विचारलं होतं कुणी त्याला? बरोबर. आणि ते लोक युद्ध संपल्यावर बहुतेक परत गेले, आजचे जात नाहीत, हाही मुद्दा बरोबर. पण त्या पाच पैशांमुळं रोजगार हमीची खडी थांबली नाही, दोन्ही एका वेळी झालं. आणि पुढची गोष्ट आणखी भारी आहे. परत गेलेल्या त्या निर्वासितांना घरं बांधून द्यायला १९७२ ला सिल्हेटच्या शाल्ला भागात एका माणसानं छोटं काम सुरू केलं, फजले हसन आबेद, शेल कंपनीतली मोठी नोकरी सोडलेला हिशोबनीस, लंडनमधला फ्लॅट विकून पैसे उभे केले. त्याची पुढं ब्रॅक झाली, जगातल्या सगळ्यात मोठ्या सेवाभावी संस्थांपैकी एक, आणि आज तीच बांगलादेशातल्या कॉक्स बझारला, म्यानमारमधून पळून आलेल्या रोहिंग्यांमधे काम करते.

आता रोहिंग्या शब्द आला म्हणजे आवाज चढणार, तर तेही उरकून घेऊया. ग्रुपवर एकानं लिहिलंच, ह्यांना पैसे देणं म्हणजे घुसखोर पोसणं. सीमेवरून कोण येतंय याची काळजी करणं सरकारचं कामच आहे, त्यात मला काही वावगं वाटत नाही. कॉक्स बझारच्या उखिया आणि टेकनाफ तालुक्यातल्या बांगलादेशी माणसाची तक्रारही खरी आहे, २५ ऑगस्ट २०१७ नंतरच्या काही महिन्यांत सात लाखांवर माणसं त्याच्या दारात आली, जळणासाठी टेकड्या बोडक्या झाल्या, मजुरी पडली, आज तिथं मूळच्या लोकांपेक्षा कॅम्पातले जास्त. गरीब देशानं दार उघडलं आणि श्रीमंत देशांनी शाबासकी दिली. जगातल्या निर्वासितांपैकी तीन चतुर्थांशाच्या आसपास असेच गरीब आणि मध्यम देशांत राहतात, तेव्हा व्याह्याचं घोडं खरं कुणाच्या अंगणात बांधलंय ते बघा, आपल्या नव्हे. पण समजा तुम्हाला रोहिंग्यांबद्दल अजिबात प्रेम नाही, फक्त ते इकडे येऊ नयेत एवढीच इच्छा आहे. तरीसुद्धा कॅम्पातलं अन्न तोडणं हा मूर्खपणा आहे. २०२३ च्या मार्चमधे पैसे कमी पडले म्हणून तिथलं महिन्याचं रेशन माणशी १२ डॉलरचं १० केलं, जूनमधे ८. आठ डॉलर म्हणजे तेव्हाच्या भावानं दिवसाला बावीस रुपये, दोन कटिंगसुद्धा नीट येत नाहीत. काम करायला परवानगी नाही, शेती नाही, कॅम्पाला कुंपण. मग माणूस काय करतो? त्याच वर्षी समुद्रमार्गे निघालेल्यांपैकी ५६९ रोहिंग्या मेले किंवा बेपत्ता झाले. ज्याचं पोट जागेवर भरतं तो लेकरं घेऊन मच्छीमारी नावेत बसत नाही. पुढं रेशन वाढलं, पण दरवेळी कुठल्या तरी राजधानीत बजेट बसेपर्यंत इथं माणसं उपाशी, हे काही काम करायची पद्धत झाली नाही.

आणि इथंच मी संस्थांच्या बाजूनं उठून समोरच्या बाजूला जाऊन बसतो. कारण ग्रुपवर ज्या गोष्टीवरून खरं झोडपायला पाहिजे होतं तिला कुणी हातच लावला नाही. १९९४ ला रवांडात साधारण आठ लाख माणसं कापली गेली, आणि कापणारे स्वतः निर्वासित बनून शेजारच्या झाईरमधे, म्हणजे आजच्या काँगोत, गोमाच्या कॅम्पात येऊन बसले. कॅम्पाचे पुढारी तेच, रेशनच्या याद्या त्यांच्या हातात, मदतीतून पैसा उभा करून परत लढाईची तयारी. डॉक्टरांच्या एका जगप्रसिद्ध संस्थेचा फ्रेंच विभाग वर्ष संपायच्या आत तिथून बाहेर पडला, आम्ही खुन्यांना पोसतोय म्हणून. बाकीच्या बऱ्याच संस्था तिथंच राहिल्या, कारण कॅम्पात खुनी होते तशी कॉलऱ्यानं मरणारी पोरंही होती. कोण बरोबर? मी कितीदा विचार केला, मला अजून नक्की सांगता येत नाही. हैतीत २०१० च्या भूकंपानंतर अमेरिकन रेड क्रॉसनं पन्नास कोटी डॉलरच्या जवळपास गोळा केले आणि २०१५ ला पत्रकारांनी बाहेर काढलं की कायमची घरं बांधली सहा. संस्थेचं म्हणणं, आम्ही घरं सोडून बाकी खूप केलं. असेल केलं, पण लोकांनी हैतीच्या नावावर दिलेला पैसा आहे तो, नुसतं बाकी खूप म्हणून कसं चालेल? गोमा आणि हैती ही दोन उदाहरणं समोर ठेवून कुणी म्हणालं की मी एक रुपया देणार नाही, तर त्याच्याशी मी दोन तास बसून बोलेन. पण तोही परके म्हणून नको असं म्हणत नाहीये बघा, पैसे धड वापरत नाहीत म्हणतोय. हा वाद घालण्यासारखा आहे.

तो वाद मला कळला तो पुस्तकातून नव्हे. २०१९ च्या ऑगस्टमधे शिरोळ तालुक्यातल्या एका शाळेत मी सहा दिवस होतो, आलेलं सामान वेगळं करायचं काम. वर्गात बाकं भिंतीला लावलेली आणि मधे छताच्या पंख्याला टेकेल एवढा जुन्या कपड्यांचा ढीग. त्यात काय नव्हतं? बिनबाह्यांचे पार्टीवेअर ड्रेस, लग्नातली शेरवानी, एका पायाचा बूट, लोकरीचे कोट, आणि न धुतलेले, हे मुद्दाम सांगतो, न धुतलेले कपडे. बिस्किटांच्या पुड्यांवर कुणाकुणाचे फोटो. लांबून लांबून लोकांनी प्रेमानं पाठवलेलं, पुण्याहून, मुंबईहून, मी कुणाला नावं ठेवत नाही. पण दारात एक आजी बसलेली, दोन दिवस ती त्या ढिगाकडे नुसती बघत होती. मी म्हटलं, आज्जी, दोन लुगडी घ्या की बघून. म्हातारी म्हणाली, "लुगडी हैत की रं घरात, वल्ली झाल्यात, वाळतील. म्हशीला काय घालू ते सांग." तीन दिवसांत आमच्यातल्या एकालाही हा प्रश्न सुचला नव्हता. त्या भागात लोक घर सोडत नव्हते ते जनावरांपायी, नावेत म्हैस बसत नाही म्हणून माणूस माळ्यावर बसून राहत होता. त्या संध्याकाळी मित्राच्या टेम्पोतून वैरण आणि शेंगपेंडेची पोती आली आणि मग शाळेचं वातावरणच बदललं, माणसं उठून कामाला लागली, कोण पेंड भिजवतंय, कोण वाटणी करतंय, आम्हाला बाजूला सारून. बायांनी नंतर हळूच जे मागितलं ते परकर आणि आतले कपडे, आणि ते त्या पंख्यापर्यंतच्या ढिगात एक नव्हतं. पाणी उतरल्यावर तो ढीग कुठं गेला विचारू नका. काही ओढ्यात, काही जाळला.

किल्लारीचंही तेच. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंप झाला, जगभरातून मदत आली, गावंच्या गावं नव्यानं बांधली, पैशांची कमी नव्हती. पण बऱ्याच गावांत रस्ते सरळ, काटकोनात, शहरातल्या कॉलनीसारखे. बैल कुठं बांधायचा, कडबा कुठं रचायचा, भावकी एका जागी कशी राहायची, हे नकाशा काढणाऱ्यानं विचारलं नाही. लोकांनी पुढं वर्षानुवर्षं त्या घरांना स्वतःच्या पत्र्याच्या शेडी जोडल्या. कॉक्स बझारला तर याची किंमत जिवानं मोजली. पक्कं काही बांधायचं नाही म्हणून बांबू आणि ताडपत्री, सुरक्षेसाठी तारेचं कुंपण, आणि २२ मार्च २०२१ ला आग लागली तेव्हा पळायला वाट सापडेना. पंधरा माणसं गेली, पंचेचाळीस हजारांचं छप्पर गेलं. आत राहणाऱ्याला कुणी विचारलं असतं तर कुंपणात दारं कुठं पाहिजेत ते त्यानं बोट दाखवून सांगितलं असतं.

आता सुदानकडे येतो, जिथून हे सगळं सुरू झालं. १५ एप्रिल २०२३ ला तिथं लष्कर आणि निमलष्करी दल एकमेकांवर उठले, एक कोटीच्या वर माणसं घरातून उखडली गेली. मोठ्या परदेशी संस्थांना आत जाता येईना, काही गेल्या त्या बाहेर पडल्या. मग लोकांना जेवायला कोण घालतंय? गल्लीतली पोरं, बाया, शिक्षक. चार घरांनी मिळून चूल मांडायची, मोठ्या पातेल्यात मसूर नाहीतर कडधान्य शिजवायचं आणि वाटायचं, अशी शेकडो स्वयंपाकघरं उभी राहिली. त्यांच्या समित्यांना इमर्जन्सी रिस्पॉन्स रूम म्हणतात, नाव इंग्रजी असलं तरी मुळात ही त्यांची जुनी रीत आहे, नफीर. नफीर म्हणजे काय, तर हाक दिली की सगळ्यांनी येऊन कुणाचं पीक काढायचं, कुणाचं घर शाकारायचं. आपल्याकडची इर्जिक, आमच्याकडचा पैरा. व्याह्याचं घोडं म्हणणाऱ्या माझ्या मित्राच्या आजोबांनी पैऱ्यानंच ऊस लावला असणार. या लोकांना बाहेरून हवेत ते थेट पैसे, धान्याच्या गोण्या पाठवायला रस्ताच नाही, पण पैसे मोबाइलवरून पोचतात आणि बाजारात जे मिळेल ते ते घेतात. २०२५ च्या सुरुवातीला अमेरिकेनं परदेशी मदत एकाएकी गोठवली तेव्हा यातली शेकडो पातेली चुलीवरून उतरली. आणि अल फाशेर नावाच्या शहराला वर्षाच्या वर वेढा पडला होता, ऑक्टोबर २०२५ मधे ते पडलं, त्या वेढ्यात बाजार संपल्यावर लोक अंबाज खात होते. अंबाज म्हणजे शेंगदाण्याचं तेल काढून उरलेली पेंड, तिथंही ती जनावरांनाच घालतात. मी ते वाचलं तेव्हा मला पहिल्यांदा ती आजी आठवली आणि टेम्पोतून उतरवलेली पोती. आम्ही म्हशीसाठी आणली होती.

कुणी म्हणेल, मग तुझ्या दोन हजारांनी तिथलं युद्ध थांबणार आहे का? नाही थांबणार. युद्ध सोनं, शस्त्रं आणि शेजारच्या देशांच्या हितसंबंधांवर चालतं, आणि वर्षानुवर्षं नुसती मदत पाठवत राहिलं की सरकारांना हात झटकायची सोय होते हा आक्षेप तर मदत करणाऱ्या संस्थांमधले लोकच घेतात. पण पातेलं उतरलं तर त्या गल्लीतली माणसं ज्या दिवशी उपाशी राहतात तो दिवस युद्ध थांबायची वाट बघत नाही. १९१९ ला लंडनमधे एग्लंटाइन जेब नावाची बाई ट्रॅफल्गर चौकात पत्रकं वाटताना पकडली गेली, पत्रकावर ऑस्ट्रियातल्या भुकेनं वाळलेल्या पोराचा फोटो. ऑस्ट्रिया म्हणजे कालपर्यंतचा शत्रू, इंग्लंडच्या प्रत्येक गल्लीत कुणाचा ना कुणाचा मुलगा युद्धात मेलेला, आणि नाकेबंदी ब्रिटनचीच. तिच्या बाबतीत तर आपले आणि परके यापलीकडे प्रकरण गेलं होतं. कोर्टानं पाच पौंड दंड केला आणि खटला चालवणाऱ्या सरकारी वकिलानंच पाच पौंड तिच्या हातावर ठेवले. सेव्ह द चिल्ड्रन त्यातून उभी राहिली. तो वकील खटला जिंकला होता, हे मला त्यातलं सगळ्यात आवडतं.

वळिवड्याचं पुढं काय झालं ते सांगायचं राहिलं. पोलिश लोक गेले आणि त्या मोकळ्या बरॅकींत फाळणीनंतर सिंधहून आलेली माणसं राहायला आली. आजचं गांधीनगर ते. सगळा पश्चिम महाराष्ट्र आणि उत्तर कर्नाटक लग्नाचा बस्ता बांधायला तिथं येतो. २०१९ ला पाणी उतरल्यावर आम्ही वर्गणीतले पैसे घेऊन तिथंच गेलो होतो, परकर, गाऊन आणि पोरांच्या चड्ड्या घ्यायला. दुकानदार साठीचा असेल, बोलणं आमच्याहून कोल्हापुरी. यादी बघितली आणि म्हणाला, मापं लिहून आणल्यासा का अंदाजानं निघालासा? आम्ही एकमेकांकडे बघितलं. त्यानं पोराला ओरडून तीन मापांचे गठ्ठे काढायला लावले, भाव खरेदीचा लावला, आणि पावती लिहिताना मान वर न करता म्हणाला, ज्याला बसणार न्हाई ते बदलून न्या, पावती तेवढी जपून ठेवा.